वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र: गुपित सांभाळणाऱ्यांच्या गावात हा चित्रपट का नको?

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय, जिल्हा भंडारा

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी सकाळी पेपर वाचायला आले तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना दिसली. ‘येत्या शनिवारचा चित्रपट रद्द. पुढील चित्रपट पुढील सूचनेपर्यंत बंद.’ खाली सही नव्हती. ग्रंथपालांना विचारलं तर त्यांनी काही न बोलता ठरावाची वही माझ्यापुढे सरकवली. ठराव मी उभ्यानेच वाचला. घरी आले आणि दोन दिवस गप्प राहिले. मंडळातले तुम्ही बहुतेक जण माझे विद्यार्थी, नाहीतर माझ्या विद्यार्थ्यांचे वडील. एखाद्याच्या घरी जाऊन चहा घेत बोलता आलं असतं. पण ठराव गावाच्या नावाने झाला आहे, त्यातली कारणंही गावाच्या नावाने लिहिली आहेत. म्हणून उत्तरही गावासमोरच देते.

रद्द झालेला चित्रपट म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘द थर्टी नाइन स्टेप्स’. १९३५ सालचा, ब्रिटिश, कृष्णधवल, ८६ मिनिटांचा. एका नव्या लष्करी यंत्राचं गुपित देशाबाहेर जाऊ पाहतं आणि एक साधा माणूस ते थांबवायला धावतो, अशी गोष्ट. ठरावात तीन कारणं आहेत. चित्रपट फार जुना आणि परदेशी आहे. भाषा इंग्रजी असल्याने गावकऱ्यांना कळणार नाही. आणि तिसरं, शब्दशः उतरवते: ‘आपल्या परिसरात संरक्षण खात्याचा कारखाना असल्याने लष्करी गुपिते चोरण्याविषयीचा चित्रपट दाखविणे उचित नाही.’

पहिली दोन कारणं वाचून मला वाईट वाटलं असतं आणि मी कदाचित गप्पही बसले असते. तिसऱ्या कारणावर मला गप्प बसता येत नाही.

माझे बाबा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ३१ वर्षं कामाला होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे उठायचे, आई डबा भरायची, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवायचे आणि निघायचे. बिडी-माचीस घरच्या कोनाड्यात ठेवून जायचे, कारण गेटच्या आत माचीस नेता येत नाही. संध्याकाळी परत आले की आधी त्या कोनाड्याकडे जायचे. तिथे दिवसभर काय करतात ते कधी बोलले नाहीत. आईने लग्नाच्या नव्यात विचारलं होतं म्हणे, नंतर तिनेही सोडून दिलं. चौथीत असताना ‘माझे वडील’ या निबंधात मी लिहिलं होतं, ‘माझे बाबा कारखान्यात जातात आणि परत येतात.’ गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारून ‘अजून लिही’ असं लिहिलं. वही बाबांना दाखवली तर ते म्हणाले, ‘बरोबर लिवलं. याच्यापुढं लिवाचं नाई.’

आमच्या ओळीतल्या सहा घरांत असाच एकेक माणूस होता. तुमच्यापैकी निदान तिघांच्या घरात होता. नागपूरची अंबाझरी, भद्रावतीचा चांदा कारखाना, आपलं जवाहरनगर, पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो. विदर्भात अशी हजारो घरं आहेत, जिथे बाप जेवताना पाऊसपाण्यावर बोलला, धानावर बोलला, पोरांच्या मार्कांवर बोलला, पण स्वतःच्या कामावर मरेपर्यंत बोलला नाही. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा. तो किती जणांनी वाचला असेल कोण जाणे. पाळला मात्र सगळ्यांनी.

त्या माणसांच्या गावात गुपिताची गोष्ट दाखवली तर काहीतरी बिघडेल, असं तुम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. तुम्हाला तसं म्हणायचं नसेल. पण वाचणाऱ्याला त्यातून तेच वाचायला मिळतं. म्हणून हा चित्रपट नेमका काय आहे ते आधी सांगते. तुमच्यापैकी कोणीही तो पाहिलेला नाही हे मी एकेकाला विचारून खात्री करून घेतलं आहे.

चित्रपट सुरू होतो लंडनमधल्या एका स्वस्त नाट्यगृहात, आपल्याकडच्या मंडईतल्या गर्दीसारख्या गर्दीत. रंगमंचावर मिस्टर मेमरी नावाचा माणूस आहे. रोज पन्नास नव्या गोष्टी पाठ करतो आणि लोक विचारतील त्याचं उत्तर देतो. घोड्यांच्या शर्यती, मुष्टियोद्धे, शहरांमधली अंतरं. एक म्हातारा पुन्हा पुन्हा कोंबड्यांच्या रोगाबद्दल विचारतो आणि त्याची बायको लाजून त्याला गप्प करते. प्रत्येक उत्तरानंतर मेमरी अदबीने विचारतो, बरोबर ना साहेब? तेवढ्यात गोळीचा आवाज होतो, पळापळ होते, आणि त्या गर्दीत कॅनडाहून आलेल्या हॅने नावाच्या तरुणाला एक अनोळखी बाई भेटते. आपल्याला तुमच्या घरी घेऊन चला म्हणते. देशाच्या हवाई संरक्षणाचं एक गुपित बाहेर जाणार आहे, आपल्या मागावर माणसं आहेत आणि त्यांच्या म्होरक्याच्या करंगळीचं एक पेर तुटलेलं आहे, एवढंच ती सांगते. रात्रीत तिच्या पाठीत सुरा खुपसला जातो. तिच्या मुठीत स्कॉटलंडचा नकाशा असतो, त्यावर एका गावाला खूण केलेली. आता पोलीस हॅनेला खुनी समजतात आणि हेर त्याला साक्षीदार समजतात. तो दूधवाल्याचे कपडे घालून घरातून निसटतो आणि स्कॉटलंडची गाडी पकडतो.

पुढचं सगळं सांगत नाही. एक माणूस मात्र सांगायलाच हवा, कारण तिसऱ्या कारणाचं अर्धं उत्तर त्याच्यापाशी आहे. हॅने त्या खुणेच्या गावी पोचतो आणि तिथल्या सर्वांत प्रतिष्ठित गृहस्थाकडे आसरा मागतो. प्रोफेसर. मोठं घर, भरलेली मैफल, बायको-मुली, गावातले मोठे लोक पाहुणे. सगळं ऐकून घेतल्यावर तो आपला उजवा हात वर करतो. करंगळीचं पेर नाही.

माझी नववीची मुलं या जागी हबकली होती. हेर म्हणजे काळा चष्मा आणि वर केलेली कॉलर, अशी त्यांची समजूत होती. इथे तर गावाने ज्याला नमस्कार करावा असा माणूस निघाला. आपल्या पोरांना आज मोबाईलवर अनोळखी माणसं गोड बोलून विचारतात: वडील कुठे कामाला आहेत, गेटचा एखादा फोटो पाठव ना, भाऊ कोणत्या युनिटमध्ये आहे? या गावात पोरांनी हा प्रसंग पाहायला नको असं म्हणता? मी तर म्हणेन, याच गावात पाहायला हवा.

आणि ‘गुपितं चोरण्याविषयीचा’ म्हणाल, तर चित्रपटात गुपित शेवटी बाहेर जात नाही. ते कोणत्या देशाला हवं आहे हेही कळत नाही. नाव उच्चारलं जाणार एवढ्यात गोळी सुटते आणि वाक्य तिथेच तुटतं. यंत्र पडद्यावर एकदाही येत नाही. हिचकॉक स्वतः अशा वस्तूला ‘मॅकगफिन’ म्हणत: पडद्यावरची सगळी माणसं जिच्यामागे धावतात, पण पाहणाऱ्याचं लक्ष धावणाऱ्या माणसांवरच राहतं, अशी वस्तू. तो चित्रपट पाहून कोणी यंत्रही बनवू शकणार नाही आणि चोरीही शिकणार नाही.

आता बाबांकडे परत येते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका हिवाळ्यात मी नागपूरच्या पुस्तक प्रदर्शनातून या चित्रपटाची सीडी आणली होती. घरातल्या संगणकावर लावली, बाबा खुर्ची ओढून बसले, मी वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत गेले. शेवटाला काय होतं ते इथे सांगावंच लागेल, क्षमा करा. प्रोफेसरच्या टोळीने एकही कागद चोरलेला नसतो, म्हणून कोणाला काही सापडत नाही. त्यांनी नव्या विमान-इंजिनाची सगळी माहिती मिस्टर मेमरीकडून पाठ करून घेतलेली असते. गुपित त्याच्या डोक्यात असतं. हॅनेच्या ओठांवर सगळा चित्रपटभर एक शीळ घोळत असते, ती मेमरीच्या खेळाची धून होती हे त्याला लंडनच्या नाट्यगृहात अचानक उमगतं. पोलीस त्याला ओढून नेत असतात. तो प्रेक्षकांतून ओरडून विचारतो, ‘थर्टी नाइन स्टेप्स म्हणजे काय?’

मेमरी क्षणभर थांबतो. त्याच्या तोंडावर जे येतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. उत्तर दिलं तर मरण आहे हे त्याला कळतं. पण आयुष्यभर त्याने एकच केलं आहे: प्रश्न आला की खरं उत्तर द्यायचं. तो उत्तर द्यायला लागतो आणि प्रोफेसर वरच्या सज्जातून त्याला गोळी घालतो. मग पडद्यामागे, जमिनीवर पडल्या पडल्या, तो पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवतो, आवाज न करणाऱ्या इंजिनाची ती आकडेमोड. मागे रंगमंचावर नाच चालू असतो. शेवटी तो पहिल्यासारखंच विचारतो, बरोबर ना साहेब? हॅने हो म्हणतो. डोक्यावरचं ओझं उतरलं, बरं वाटलं, असं म्हणून तो जातो.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्याले कोनी इचाराले नाई पायजे होतं.’

मी म्हटलं, बाबा, तो तर चोरांच्याच कामाचा माणूस होता. ते म्हणाले, ‘असंल. पन डोक्यात ठेवनं काई सोपं नसते बाई.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला.

माझ्या बाबांनी त्यांच्या कामाबद्दल मला सांगितलेलं हे एकच वाक्य. शेवटच्या वर्षी त्यांना विस्मरण झालं. आम्हा बहिणींची नावं उलटीपालटी व्हायची, आई गेली हे आठवायचं नाही. एकदा शेजारचा लहान पोरगा अंगणात बसून विचारत होता, ‘आबाजी, तुमी तिथं काय बनवत होता जी?’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाणी मागितलं. लेकीचं नाव गेलं होतं, ते मात्र जागेवर होतं.

म्हणून मी म्हणते, हा चित्रपट आपल्या गावाचा आहे. लंडनमध्ये बनला तरी. गुपित सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर काय असतं ते मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालं नाही. बाबांबरोबर काम केलेले सात-आठ जण अजून गावात आहेत. त्यांनी तो पाहावा एवढ्यासाठी मी प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यातला शनिवार मागितला होता.

आता पहिल्या दोन कारणांबद्दल.

जुना आणि परदेशी. जुना आहे, खरंच. पण आपण दिवाळीनंतर रात्र रात्र जागून दंडार पाहतो ती याहून कितीतरी जुनी आहे आणि तिथे कोणी असा ठराव केलेला नाही. दंडारीत एकच माणूस डोक्यावरचं बदलून तीन सोंगं करतो ना, तसं इंग्लंडच्या रंगभूमीवर पुढे या चित्रपटाचं सगळं कथानक फक्त चार नटांनी उभं केलं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये विसाव्या शतकातल्या शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, त्यात हा चौथा आहे. या मुद्द्यावर आणखी लिहीत नाही.

भाषा कळणार नाही, हे मात्र मला लागलं. गेली सात वर्षं दुसऱ्या शनिवारी मी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगते. लोक धानाची कामं उरकून, हातपाय धुऊन येतात. न कळणाऱ्या गोष्टीसाठी कोणी सात वर्षं येत नाही. शिवाय हा चित्रपट बोलण्यावर फारसा उभाच नाही. तुटलेलं पेर, शीळ, नकाशा, हातकडी, कोट. सकाळी झाडलोट करणारी बाई खोलीत येते, मेलेली बाई पाहते, ओरडायला तोंड उघडते आणि आपल्याला ऐकू येते ती आगगाडीची शिट्टी. याचं भाषांतर काय करायचं? आमच्या पडवीत हा चित्रपट लावला होता तेव्हा या जागी मी एक शब्द बोलले नव्हते. आजूबाजूच्या बाया एकदम ‘अगं माय’ म्हणाल्या.

त्याच दिवशीचं आणखी एक. स्कॉटलंडच्या माळावर हॅने एका शेतकऱ्याच्या घरी रात्र काढतो. शेतकरी वयस्क, संशयी, पैशाला चिकट. बायको तरुण, शहरातून या एकाकी माळावर येऊन पडलेली. शहरातल्या दुकानांबद्दल, तिथल्या बायांबद्दल विचारते तेव्हा तिचे डोळे पाहावेत. हा फरारी आहे हे पेपरातून तिच्या लक्षात येतं, आणि तरी पोलीस आले की ती त्याला उठवते आणि नवऱ्याचा काळा कोट त्याच्या अंगावर घालते. पुढे प्रोफेसर गोळी झाडतो ती त्या कोटाच्या खिशातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात अडकते. गुपित वाचलं ते त्या बाईच्या कोटामुळे. आणि तिला काय मिळतं? कोट कुठे गेला म्हणून नवरा तिला मारतो. त्यानंतर ती पडद्यावर परत येत नाही. ही भूमिका करणाऱ्या पेगी ॲशक्रॉफ्ट तेव्हा अठ्ठावीसच्याही नव्हत्या. पुढे पन्नास वर्षांनी भारतात घडणाऱ्या एका चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

चित्रपट संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? कोणी हॅनेबद्दल बोललं नाही, इंजिनाबद्दल नाही. धान निंदायला जाणाऱ्या एका मावशीने विचारलं, ‘त्या बाईचं मंग काय झालं?’ मला उत्तर देता आलं नाही. बाकीच्या बाया बराच वेळ त्यावरच बोलत राहिल्या. इतकी वर्षं हा चित्रपट पाहून जो प्रश्न मला पडला नव्हता तो त्यांना पहिल्याच वेळी पडला. त्यांना कळणार नाही असं तुम्ही लिहिलं आहे.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आवाज न करणारं विमान एवढं मोठं गुपित का, असा प्रश्न नववीच्या मुलांनी विचारला होता. कारण तेव्हा येणारं विमान ओळखायचं ते कानानेच. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर डेंज इथे काँक्रीटचे अजस्र कान उभारले होते: एक वीस फुटांचा, एक तीस फुटांचा आणि दोनशे फूट लांबीची एक वळणदार भिंत. समुद्रावरून येणाऱ्या विमानाचा आवाज त्यात गोळा व्हायचा आणि ऐकणाऱ्याला काही मिनिटं आधी कळायचं. विमानांचा वेग वाढला तशी ती मिनिटं कमी होत गेली. विमान आवाजच करेनासं झालं तर ते सगळं काँक्रीट मुकं. आणि खरं गुपित तर वेगळंच होतं. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट आणि विल्किन्स यांनी रेडिओच्या लहरी उडत्या विमानावरून परततात हे दाखवून दिलं. ब्रिटनचं रडार तिथून सुरू झालं. हा चित्रपट त्याच वर्षी जूनमध्ये लागला. लोक पडद्यावर खोट्या यंत्राचं गुपित पाहत होते आणि खरं यंत्र तेव्हा मोजक्या माणसांच्या डोक्यात होतं. ‘ध्वनी’चा धडा मी त्या वर्षी असा शिकवला. त्यातली एक मुलगी आज इलेक्ट्रॉनिक्स शिकते आहे.

डोक्यात ठेवणं आणि जपणं विदर्भाला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या माणसांच्या आठवणीतून, एकेकाला विचारून, पडताळून. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि काही शतकं बाहेरच्याला ते वाचता येत नव्हते. आपल्या गावातल्या महानुभाव बाबांना मी मिस्टर मेमरीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना काहीच समजावावं लागलं नाही. ते म्हणाले, पाठ करणाऱ्याने कोणासाठी पाठ करतो ते आधी पाहावं.

आता काही तक्रारी, ज्या चित्रपटाच्या नाहीत, रीतीच्या आहेत.

ठराव झाला त्या सभेची सूचना मला नव्हती. मी आजीव सभासद आहे आणि हा उपक्रम माझ्या जबाबदारीवर चालतो. ज्याच्या कामावर ठराव करायचा त्याला एकदा बोलवायचं असतं. मला दहा मिनिटं दिली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

प्रोजेक्टर गावाने वर्गणी काढून घेतला आहे. त्यात मोलमजुरी करणाऱ्या बायांचे दहा-वीस रुपये आहेत. तो मंडळाच्या कपाटात कुलूप लावून ठेवणं बरोबर नाही. त्याच कपाटात माझी कथनाची वही आणि सीडी आहे. चित्रपट कुठे थांबवायचा, कुठे काय सांगायचं, कुठे गप्प राहायचं हे मी तीन हिवाळे लिहीत आले. तिची दुसरी प्रत नाही.

सभागृहात सध्या धानाची पोती आहेत. याबद्दल मला राग नाही. मी शेतकऱ्याची सून आहे, उघड्यावर धान भिजलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. पण ‘जागेची अडचण’ हे कारण असेल तर तेच लिहायचं होतं. खरं कारण पोती आणि लिहिलेलं कारण देशाची सुरक्षा, असं झालं असेल तर ते दुरुस्त करा. मोठ्या गोष्टीचं नाव छोट्या अडचणीला देऊ नये.

आणि मागच्या वेळी बायांना दाराशी उभं राहून पाहावं लागलं, कारण पुढच्या खुर्च्या आधीच धरून ठेवल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत, मी पाहिलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ठरावातलं तिसरं कारण लेखी मागे घ्या. चित्रपट दाखवा किंवा नका दाखवू, ते वाक्य त्या वहीत राहता कामा नये. आपल्या गावच्या निवृत्त कामगारांवर ते अविश्वास दाखवतं, आणि त्यांनी तसं काही केलेलं नाही.

मंडळाने आधी चित्रपट पाहावा. ८६ मिनिटं लागतात. माझ्या पडवीत या, किंवा मी वाचनालयात लावते. पाहून झाल्यावर तुम्हाला तो अयोग्य वाटला तर कोणत्या प्रसंगामुळे ते सांगा. मी ऐकून घेईन.

वही, सीडी आणि प्रोजेक्टर येत्या रविवारपर्यंत कपाटाबाहेर काढा.

सभागृह मोकळं नसेल तर पटांगण द्या. पडद्याला चादर चालते, थंडी असली तरी लोक घोंगडी घेऊन बसतील. बायांच्या चटया पुढे असतील.

यापुढे कोणताही कार्यक्रम रद्द करताना फळ्यावर सही असावी आणि तो कार्यक्रम चालवणाऱ्याला सभेला बोलवावं.

आणि ज्या दिवशी हा चित्रपट दाखवला जाईल त्या दिवशी कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या द्या. मी स्वतः घरोघरी जाऊन त्यांना बोलावणार आहे. चित्रपट सुरू होण्याआधी गावाला एवढंच सांगेन की संपल्यावर त्यांना कोणी काही विचारायचं नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
आजीव सभासद, सार्वजनिक वाचनालय